छत्तीसचा आकडा

शाळेत पस्तीसला पास करायचे.
गणितात मला छत्तीस पडले
तेव्हा बाबांनी कुर्ल्याच्या आमच्या गल्लीत
पाव किलो पेढे वाटले होते,
अर्धे अर्धे करून.

इथे चाळीस लागतात.

खोली क्रमांक सत्तावीस, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
डॉक्टरांनी कंपासपेटीतल्यासारखा एक कोनमापक
माझ्या उजव्या कोपराला लावला.
सरळ करा. होत नाही.
दुमडा. एवढाच दुमडतो.
बायंडिंगच्या कारखान्यात पोटमाळ्यावरून
कागदाच्या रिमांसकट खाली आले,
त्याला आता तीन वर्षं झाली.
तेव्हापासून हात काटकोनात बसून आहे,
पाहुण्याच्या घरी बसावं तसा अवघडून.
पर्स अडकवायला मात्र उत्तम.

जेवता कसं?
डाव्यानं.
लिहिता?
डाव्यानंच. शिकले.
हे मी जरा ऐटीतच सांगितलं.
पेन थांबलं, मग भराभर चाललं.

महिन्यानं कागद आला. छत्तीस टक्के.
कायमस्वरूपी, असंही होतं त्यात.
म्हणजे हात बरा होणार नाही
आणि एवढ्यावर मिळणारही काही नाही.
तीन आणि सहा
एकमेकांना पाठ लावून बसलेले,
मधोमध मी.

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर मुकादमचाचा भेटले.
एक कान पुरा गेलेला, दुसरा अर्धा,
त्यामुळे सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले,
'पहिल्या खेपेला कमीच देतात. अपील टाक.
दहातल्या तिघांचं होतं.'
आणि तुमचं?
मी दोनदा ओरडून विचारलं.
'मी बाकीच्या सातांतला,' ते हसले,
'पण टाकलंय पुन्हा. तिसऱ्यांदा.'

अपिलासाठी जुन्या शेऱ्याची नक्कल काढली.
नीटनेटक्या आहेत. केस व्यवस्थित.
स्वतःची कामे स्वतः करू शकतात.

केस.
त्या दिवशी पहाटे साडेपाचला
समोरच्या खोलीतली फिलोमिना कामावर जायच्या आधी आली होती.
सरकारी माणसासमोर जायचं तर नीट जा, म्हणाली.
तेल लावलं, घट्ट अंबाडा घातला,
तोंडातल्या पिना एकेक करून खोवल्या.
तिच्या दहा बोटांचं काम
माझ्या खात्यावर जमा झालं.

मग सगळे शहाणे झाले.
या वेळी विस्कटलेली जा. पदराला पिन नको.
रडता आलं तर बघ.
मी आपली चार टक्के शोधत राहिले,
माझ्या अंगात ती नेमकी कुठे असतील म्हणून.
मानेमागे असावीत,
जिथे माझा हात पोचत नाही.

अपिलाच्या दिवशी फिलोमिनानं विचारलं, आज कशी?
रोजच्यासारखी, मी म्हटलं,
आणि कंगवा पर्समध्ये टाकला.

आता तीन डॉक्टर. कोनमापक तोच, कोनही तोच.
मी कंगवा टेबलावर ठेवला.
म्हटलं, फाइलीत माझ्या केसांचं लिहिलंय.
सोडते. पुन्हा बांधून दाखवते.
डाव्या हातानं पिना काढल्या.
पंख्याच्या वाऱ्यानं केस तोंडावर, कागदांवर,
कुणाच्या तरी चहाच्या कपावर.
डावा हात मागे गेला, पेड धरला.
दुसरा धरायला कुणी नव्हतं.
पेड सुटला. पुन्हा धरला. सुटला.
कडेला बसलेल्या बाईंचा हात
नकळत स्वतःच्या अंबाड्याकडे गेला.
'बास,' त्या म्हणाल्या. 'कळवू.'

केस मोकळेच ठेवून बसनं घरी आले.
कंडक्टर ताई म्हणाला नाही, आजी म्हणाला.

अजून कळवलेलं नाही.
साडेपाचला दार वाजतं.
हल्ली फिलोमिनाच्या खांद्यातही कळ येते,
पिन खोवताना ती मध्येच थांबते.
मी म्हटलं, तूही आतापासून कागद करून ठेव.
ती म्हणाली,
मान सरळ ठेव.